जाड तारेची स्प्रिंग

३ नोव्हेंबर, सोमवार

पाणीपुरवठा कार्यालयात खिडकीमागे बसून मी दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घेते. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतं, मीटर वेड्यासारखा पळतो. माझी तक्रार लिहून घेणारं कोणी नाही, म्हणून ही वही आणली. इथे ज्याला नावं ठेवायची त्याला मनसोक्त ठेवीन.

पहिली तक्रार गाडीबद्दल. गाडी एकोणीस वर्षांची आहे. घेतली बाबांनी, पण ते आजारी पडल्यापासून चालवते मी. घरात आम्ही दोघंच. आई जाऊन नऊ वर्षं झाली आणि धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब राहतो. बाबांची मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी त्यांना डायलिसिसला न्यायचं, चार तास मशीनला जोडायचं आणि परत आणायचं. चौदा महिने हे चाललंय. एक खेप चुकली की पाय सुजतात, लागोपाठ दोन चुकल्या की श्वास लागतो. त्याच्या पुढचं मला लिहायचं नाही.

आज अर्ध्या वाटेत चाक खड्ड्यात गेलं, गाडी धाडकन आदळली आणि बाबा म्हणाले, "वळव."

"काय वळव?"

"गाडी वळव. हाडं खिळखिळी झाली माझी. या गाडीतून मला जमायचं नाही."

समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. ते आपले काचेबाहेर बघत बसले. मागचे लोक हॉर्न वाजवून भंडावून सोडत होते. एकालाही आपल्या घरी जायची इतकी घाई नसेल जितकी दुसऱ्याच्या मागे हॉर्न वाजवायची असते. वळवली गाडी.

संध्याकाळी डायलिसिसच्या सिस्टरचा फोन आला. आवाज गोड, बोलणं कडू. "ताई, आजची खेप गेली ती गेली. बुधवारी काहीही करून आणा, नाहीतर छातीत पाणी भरेल."

म्हणजे आता गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग-शॉकअपची सगळी जोडणी, नवं करणं हा एकच उपाय. बाबांनी एकतीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये सस्पेन्शनचंच काम केलं. हजारो लोकांना त्यांनी न आदळता घरी पोचवलं आणि स्वतःच्या गाडीत मात्र त्यांच्या हाडांचा भुगा होतोय. मला याचाच जास्त संताप येतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

शेजाऱ्यांची नवी कोरी गाडी मागून घेतली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. पहिल्याच वळणावर बाबा म्हणाले, "हीपण आदळते." नवी गाडी आदळते म्हणजे रस्ताच नालायक. रस्ते विभागाला मी सणसणीत दोन पानी पत्र लिहिलं. तक्रार कशी लिहायची हे मला कोणी शिकवायला नको.

बाबांच्या बाजूच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन असायचे. चार तास दोघांच्या गप्पा चालायच्या, सिस्टरला हळू बोला म्हणून सांगावं लागायचं. महिन्यापूर्वी ते गेले. आता तिथे कानात गाणी घालून झोपणारा कोणी असतो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडतात. मी सिस्टरला म्हटलं, बाबांसाठी जरा बोलका शेजारी बघा. ती माझ्याकडे बघतच राहिली. साधी खुर्ची बदलायची तर यांच्या कपाळाला आठ्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी ताशी वीसच्या वेगाने नेली. बाबा वाटभर कण्हत होते. त्यांना मशीनला जोडल्यावर गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले.

गॅरेजवाला बाबांच्या हाताखाली तयार झालेला. पूर्वी फार बारीक होता म्हणून बाबा त्याला खिळ्या म्हणायचे. आता पोट सुटलंय पण नाव तेच. बाबांना तो उस्ताद म्हणतो. त्याने गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली उभं करून एकेक गोष्ट दाखवली. पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळून काळं झालेलं. स्प्रिंग दबून खाली बसलेली. आणि लोखंडी भागांच्या सांध्यात जे रबराचे बुश असतात, त्यांना वाळक्या चिखलासारख्या भेगा.

"बदल सगळं," मी म्हटलं. "कंपनीचं ओरिजिनल टाक."

"ताई, कंपनीने या गाडीचे पार्ट बनवणं कधीच बंद केलं. आता बाहेरच्या कंपन्यांचे मिळतात. चांगलेपण आहेत, वाईटपण आहेत. मी बघून आणतो."

"तू नको आणूस. मी आणते."

त्याचं तोंड एवढंसं झालं. माझा त्याच्यावर अविश्वास आहे असं नाही, पण गेल्या चौदा महिन्यांत ज्या ज्या गोष्टी मी दुसऱ्यावर सोपवल्या त्या सगळ्यांची वाट लागली आहे. औषधाच्या दुकानाने दोनदा चुकीची गोळी दिली. टॅक्सीवाला आलाच नाही. मी सोडून कोणाला काही पडलेलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

पार्टच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत डबे आणि त्यांच्यामध्ये कसाबसा मावणारा दुकानदार. त्याने काउंटरवर तीन शॉकअप मांडले. तिन्ही काळी नळकांडी, तिन्ही सारखीच. एक स्वस्तातला, तेलाचा. दुसरा चांगल्यातला, तोही तेलाचाच. तिसरा गॅसचा, त्याच्या डब्यावर धावता चित्ता. स्प्रिंगही दोन तऱ्हेच्या, एक साधी आणि एक जाड तारेची.

"गाडीत किती जण बसता?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"तसं नाही मॅडम, वजनावर ठरतं. कुठल्या रस्त्याने जाता, माल वाहता का..."

"मी काय माल वाहणारी दिसते?"

त्याने दोन्ही हात वर केले. मग मीच विचारलं, यातलं मजबूत कुठलं. तो म्हणाला मजबूत गॅसचं आणि जाड तारेचं, पण दोन माणसांना साधं पुरे. मला वाटलं, गिऱ्हाईक बाई दिसली की साधं पुरे. म्हटलं थांबा, घरी विचारून येते, आमच्या घरात तुमच्यापेक्षा मोठा जाणकार बसलाय.

बाबांना विचारलं. बऱ्याच महिन्यांनी त्यांचा चेहरा कामाचा झाला. चष्मा लावला, कागद मागितला, तारेची जाडी किती, वेढे किती, सगळं विचारून घेतलं. मग बराच वेळ कागदाकडे बघत बसले.

"जाड तारेची घे. शॉकअप गॅसचा."

"दुकानदार म्हणतो साधी पुरे."

"दुकानदाराने किती बस दुरुस्त केल्यात?"

झालं, विषय संपला. मी चप्पल घालत होते तेवढ्यात म्हणाले, "ठिणगे, एक ठरवू. हे बसवल्यावरही मला त्रास झाला, तर मग मला ओढत नेऊ नकोस."

ठिणगी हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. मी म्हटलं, "कबूल. कारण त्रास होणारच नाही." ते हसले. किती दिवसांनी हसले ते. दुकानात परत जाऊन मी जाड तारेची स्प्रिंग आणि चित्त्याचे डबे उचलले. दुकानदार पुन्हा म्हणाला, "मॅडम, कडक पडेल." मी त्याला एकतीस वर्षांचा हिशेब ऐकवला. त्याने मुकाट्याने बिल केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल पुन्हा ताशी वीसने बाबांना नेऊन आणलं. आज रजा काढून गाडी गॅरेजमध्ये नेली. साहेब म्हणतात, एवढ्या रजा कशाला लागतात तुम्हाला. त्यांच्या वडिलांना अजून सर्दीसुद्धा होत नाही. काय कळणार त्यांना.

बाबा हट्टाने बरोबर आले. खिळ्याने त्यांच्यासाठी फडक्याने खुर्ची पुसली, खाली वाकून नमस्कार केला. तीन तास बाबा नुसते बघत होते. पूर्वी याच माणसाने एवढ्या वेळात दहा जणांचे कान उपटले असते. आज एक शब्द नाही. गाडी लिफ्टवर टांगलेली असतानाच खिळ्याने बुशचा पहिला बोल्ट हलका लावला आणि थांबला.

"उस्ताद, खाली घेऊन आवळू ना?"

"वरच आवळ," बाबा म्हणाले.

"वर?"

"वरच. चालतंय."

खिळ्या पाना हातात धरून जरा वेळ उभाच राहिला. मग आवळला त्याने. मी त्याला म्हटलं, एवढा विचार कसला करतोस, सांगितलं तेवढं कर. बाबांचा चहा तसाच राहिला होता, तो मी पिऊन टाकला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. लिहिताना अक्षर वाकडं येतंय.

गाडी बिघडली आहे. म्हणजे नवं सगळं बसवून आधीपेक्षा वाईट झाली आहे. आधी खड्ड्यात आदळायची, आता कागदाच्या कपट्यावरून गेली तरी उसळते. वाटेत सात स्पीडब्रेकर आहेत. पहिल्यावर माझं डोकं छताला लागलं. दुसऱ्यावर बाबांनी डॅशबोर्डला हात टेकले. तिसऱ्याच्या आधीच मी गाडी बाजूला घेतली.

बाबा शांत होते. "बघ," म्हणाले, "तू केलंस तेवढं खूप केलंस. आता ठरल्याप्रमाणे वळव."

"ठरल्याप्रमाणे काय ठरल्याप्रमाणे? माणसाने मरायचं का एका स्प्रिंगपायी?"

मी चावी काढून गाडीबाहेर उतरले आणि रस्त्यातच खिळ्याला फोन लावून त्याचा पाणउतारा केला. तो नुसता "ताई, ताई" करत होता. टॅक्सी बोलवायला गेले तर बाबांनी गाडीचं दार आतून लावून घेतलं. बहात्तर वर्षांचा माणूस. शेवटी घरी आणलं.

घरी येऊन ते चांगले तीन भांडी पाणी प्यायले. त्यांना पाणी मोजून द्यावं लागतं हे घरातल्या भिंतींना पण माहीत आहे. मी ओरडले तर म्हणाले, "तहान लागली होती."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात गेले आणि चित्त्याचा रिकामा डबा काउंटरवर आपटला. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत सांगितलं की हा दुकानदार आजारी माणसाच्या जिवावर उठला आहे. तो ऐकून घेत राहिला. मग त्याने बिलाची प्रत काढली. खाली त्याच्या हाताने लिहिलेलं होतं, "कडक पडेल असे सांगितले. ग्राहकाच्या आग्रहावरून दिले." तक्रारींच्या कामात असंच लिहून ठेवायला मी नव्या लोकांना शिकवते. मेल्याने माझीच विद्या माझ्यावर चालवली.

निघताना तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील एवढे जाणकार. त्यांना हे कळलं नसेल असं मला नाही वाटत."

माझ्या बापाची अक्कल काढतो. त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परवाची एकच खेप चुकली होती, पण वर ते तीन भांडी पाणी. पहाटे बाबांना श्वास लागला. बसून राहिले होते, आडवं होता येईना. ओठ निळसर. अॅम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवरून नेलेलं त्यांना आवडत नाही, पण विचारायला वेळ कोणाला होता. पाच तास मशीन चाललं. तीन किलो पाणी काढलं अंगातून.

सिस्टर म्हणाली, "ताई, काकांना काही त्रास आहे का? मनाला वगैरे?"

म्हटलं त्रास आहे, गाडीचा आहे, आणि तो मी दूर करतेय. परत येताना बाबा माझ्याशी बोलले नाहीत. ठरलेलं मोडलं म्हणून रागावले असतील. रागवा म्हणावं. जिवंत आहेत म्हणून रागावता येतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खिळ्याकडे भांडायच्या तयारीने गेले होते. त्याने मला काही बोलूच दिलं नाही. बाकावर बसवलं आणि रबराचा एक नवा बुश माझ्या हातात दिला.

"ताई, हा पिळा."

पिळला. सोडल्यावर जागेवर आला.

"आता पिळून तसाच धरून ठेवा. असाच दोन महिने धरायचाय. काय होईल?"

"तुटेल."

"आणि तुटेपर्यंत अंग आखडून राहील. गाडी वर टांगली की चाकं खाली लोंबतात. तेव्हा बोल्ट घट्ट आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं. म्हणून वर नुसता अडकवायचा, गाडी चाकांवर उभी करायची, मग आवळायचा. हे मला उस्तादांनीच शिकवलं. एकदा मी वर आवळला होता, तर माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि आठवडाभर दिला नाही."

"मग त्यांनी वर आवळ का सांगितलं?"

"मी तेच रोज स्वतःला विचारतोय."

मला एकदम कळलं. बाबांची स्मरणशक्ती चाललीय. रक्तात घाण साचली की डोक्यावर परिणाम होतो, हे मी कुठेतरी वाचलं आहे. जो माणूस झोपेतसुद्धा चुकीचा नट आवळणार नाही, त्याला स्प्रिंग कुठली हे आठवेना, बोल्ट कधी आवळायचा हे आठवेना. आणि मी त्यांच्यावर सगळं सोपवून मोकळी. एवढी चौकस म्हणवते मी स्वतःला आणि घरातलं दिसलं नाही. स्वतःचाच इतका राग आला की खिळ्याच्या बाकावर दोन बुक्क्या मारल्या. त्याने पाणी आणून दिलं.

मग दुकानाची तीच पायरी पुन्हा चढले. त्याने मागच्या वेळी जे विचारलं होतं त्याची उत्तरं दिली. माणसं दोन. एक आजारी. माल नाही. वाटेत सात स्पीडब्रेकर. त्याने साधी स्प्रिंग आणि चांगल्यातला तेलाचा शॉकअप काढून दिला, जुना माल गाडीतून निघाला की परत घेईन असं न कुरकुरता म्हणाला. मी माफी मागितली नाही. पण डबा मागच्यासारखा आपटला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

धाकट्याचा दर रविवारचा फोन. उंटावरून शेळ्या हाकायचा त्याचा वार. त्याला सांगितलं की बाबांचं डोकं काम करेनासं झालंय, डॉक्टरांना तपासायला सांगणार आहे.

तिकडे त्याने कुठलंसं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ताई, बाबांची बुद्धी शाबूत आहे."

"तुला तिकडे बसून कळलं?"

"तू एकदा त्यांच्याशी नीट बोल ना. म्हणजे शांतपणे."

"काय बोलू?"

"काही नाही. नुसतं बोल. म्हणजे, ऐक."

मी फोन ठेवून दिला. बाबांचं मी ऐकत नाही तर कोण ऐकतं? काय खाल्लं, किती प्यायले, पाय किती सुजले, सगळं माझ्या डोक्यात असतं. हा मात्र आठवड्यातून एकदा फोन करून शहाणपण शिकवणार. मी स्वयंपाकघरातला ओटा घासघासून त्याचा रंग काढला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल टॅक्सीने नेलं. आज पुन्हा रजा. बाबांना घरी ठेवलं आणि गाडी खिळ्याकडे नेली.

जुनं काढलं, नवं बसवलं, बोल्ट नुसते अडकवले. मग त्याने गाडी खाली घेतली आणि गॅरेजच्या फरशीत माणूस उतरेल एवढा खड्डा असतो त्यावर आणून चाकांवर उभी केली, म्हणजे खालून हात घालता येतो. मला म्हणाला, "ताई, तुम्ही स्टिअरिंगवर बसा. रोज जशी गाडी चालते तेवढंच वजन पाहिजे. उस्तादांचं वजन किती?"

"चौपन्न किलो तीनशे. मशीननंतरचं. मशीनच्या आधी छप्पन्नच्या पुढे."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग वाळूची पोती काट्यावर ठेवून, ओंजळीने वाळू कमीजास्त करत, बरोबर छप्पन्न किलो माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली. पट्टा पण लावला. मी अर्धा तास त्या पोत्यांशेजारी बसून होते आणि तो खालून एकेक बोल्ट आवळत होता. प्रत्येक बोल्टला मला ओरडून सांगत होता, हा झाला, हा झाला. एकदा मी चुकून पोत्याला म्हणाले, "त्रास होत नाही ना?" त्याने ऐकलं नाही, बरं झालं.

परत येताना पोती ठेवूनच चालवून बघितली. सातही स्पीडब्रेकर. गाडी नुसती वाकली आणि उठली. मी जिंकले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे उद्या कोणी मला म्हणणार नाही की तू असं म्हणालीस आणि तसं म्हणालीस.

बाबा गाडीत बसले. पहिला स्पीडब्रेकर गेला. दुसरा गेला. त्या पहिल्या सोमवारच्या खड्ड्यात मी मुद्दाम चाक घातलं. काही नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला होता, डोळे मिटलेले.

"खाली घेऊन आवळलं," ते म्हणाले.

"हो."

"साधी स्प्रिंग. तेलाचा शॉकअप."

"हो."

"चांगलं झालंय काम. खिळ्याला सांग."

डायलिसिसच्या दारात गाडी लावली. मी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. ते उतरेनात.

"ठिणगे, गाडीत आता काही दोष नाही."

"माहितीये. उतरा."

"आधीपण नव्हता. म्हणजे होता, पण तेवढ्याने मी थांबलो नसतो. मला इथे यायचं नाही."

"आज कंटाळा आलाय का?"

"आज नाही, परवा नाही. मला हे बंद करायचंय."

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. मोठ्याने बोलले एवढं खरं, कारण दारावरचा पहारेकरी पुढे येऊन उभा राहिला. म्हटलं, मग हे सरळ सांगायचं ना. जाड तारेची स्प्रिंग कशाला? बिचाऱ्या खिळ्याला चोर केलंत, त्या दुकानदाराला मी नाही नाही ते बोलले, मला तर वाटलं तुमचं डोकं गेलं.

"सांगितलं होतं. उन्हाळ्यापासून पाच वेळा सांगितलं," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता त्यांचा. "पहिल्यांदा तू डॉक्टर बदललास. मग वेळ बदललीस. मग उशी आणलीस. मग खुर्ची बदलायला निघालीस. कुठलीही वस्तू बिघडली म्हटलं की तू ऐकतेस. मग म्हटलं गाडी बिघडू दे."

"धाकट्याला सांगितलंत?"

"त्याला सांगितलं. तुला सांगायची हिंमत त्याच्यातही नाही."

"आणि ते वर आवळायला सांगितलंत ते?"

"त्याची लाज वाटली," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा. रात्री झोप नाही लागली मला."

"वाटायलाच पाहिजे लाज."

"हो."

मी दार धरून उभी होते. मी म्हटलं, चौदा महिने मी काय केलं मग? ते म्हणाले, "तू मला चौदा महिने दिलेस. मी घेतले. आता पुरे. त्या मशीनवर पडून मी काय करतो माहितीये? उरलेले तास मोजतो. घरी आल्यावर निम्मा दिवस झोपतो आणि उठलो की पुन्हा जायचा दिवस."

"आणि मी?" मी विचारलं. हे मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

बाबांनी माझा हात धरायला हात पुढे केला, तो मी झिडकारला. खरंच झिडकारला. तेही लिहून ठेवते.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. मशीन तयार होतं, आमची वेळ उलटून गेली होती. "काका, येताय ना?" तिने विचारलं त्यांना, पण बघितलं माझ्याकडे. सगळे माझ्याकडेच बघतात. चौदा महिने प्रत्येक कागदावर सही माझीच आहे.

त्यांना आत नेणं अवघड नव्हतं. मी ओढलं असतं तर ते आले असते. चौपन्न किलोचा माणूस, आणि माझं मन मोडायचं त्यांना कधीच जमलेलं नाही. सिस्टर थांबली होती. पहारेकरी थांबला होता. बाबा खाली बघत होते.

"आज येत नाहीयेत ते," मी म्हटलं.

"मग परवा?"

"डॉक्टरांची वेळ द्या. बंद करायचं असेल तर काय काय करावं लागतं ते विचारायचंय."

परत येताना मला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता. बाबांचा, धाकट्याचा, त्या चांगल्या झालेल्या गाडीचासुद्धा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर मला बाहेर बसवून बाबांशी तासभर एकांतात बोलले. मग मला आत बोलावलं. माणूस पूर्ण भानावर आहे, म्हणाले, निर्णय त्यांचा आहे. बंद केल्यावर एक आठवडा, फार तर दोन. श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषधं देता येतात, घरी नर्स येईल. त्यांनी हे इतकं हळू आणि नीट सांगितलं की त्यांच्याशी भांडायला जागाच मिळाली नाही. धाकटा उद्या पोचतोय. फोनवर रडत होता. म्हटलं रड, पण तिकीट काढ.

मग फॉर्म आला. कारण लिहायला दोन ओळी होत्या. बाबांनी चष्मा लावला आणि लिहिलं, "पुरे झाले." मी म्हटलं असं कारण चालत नाही, नीट सविस्तर लिहावं लागतं. सिस्टर म्हणाली, "चालतं, ताई."

त्यांनी सही केली. खाली नातेवाइकाच्या सहीची जागा होती, "वाचले, समजले." मला काही समजलेलं नाही असं म्हणावंसं वाटलं. पेन हातात घेतलं आणि सही करायला गेले, तर इतक्या जोरात दाबलं गेलं की कागद आरपार फाटला. माझ्या नावाच्या जागी भोक.

सिस्टरने कपाटातून दुसरा फॉर्म काढला. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं भरलं, नाव, वय, पत्ता. पुन्हा तेच दोन शब्द लिहिले. पुन्हा सही केली, या वेळी जरा वेळ लागला, हात थकला होता. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि तो हलू नये म्हणून वरचा कोपरा बोटांनी दाबून धरला.

मी सही केली.